मुलाखतींच्या नोंदींतून वर्तनावर आधारित यूजर आर्किटाइप कसे काढायचे?

यूजर आर्किटाइप म्हणजे सारखं वागणाऱ्या वापरकर्त्यांचा नमुना. म्हणून वय, लिंग, व्यवसाय आधी बाजूला ठेवा. नोंदींत वागण्यातले फरक शोधा: निर्णय स्वतः घेतात की कुणाला विचारून, अडलं की पुन्हा प्रयत्न करतात की सोडून देतात. प्रत्येक फरकाची एक पट्टी आखा आणि मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला तिच्यावर जागा द्या. तीच माणसं पाच-सहा पट्ट्यांवर शेजारीशेजारी दिसली, की आर्किटाइप हाती लागला. मात्र त्या सवयी एकत्र का येतात, याचं कारण नोंदींत सापडायला हवं. नाहीतर तो निव्वळ योगायोग. पर्सोना म्हणजे अशा नमुन्यावरून रचलेलं काल्पनिक पात्र; त्यासाठी सॉफ्टवेअर डिझायनर अ‍ॅलन कूपर यांची पद्धत साधारण अशीच आहे. नाव वागण्यावरून द्या, उदा. ‘आधी खात्री करणारा’. फोटो, छंद वगैरे सजावट मला तरी निरुपयोगी वाटते. आणि हो, घाईत असताना तोच माणूस दुसऱ्या आर्किटाइपमध्ये जाऊ शकतो, ते चालतं.