रोजच्या बोलण्यातल्या कोणत्या इंग्रजी शब्दप्रयोगाचा उगम ऐकून आश्चर्य वाटतं?

माझ्या मते 'डूलॅली'. ब्रिटनमध्ये कुणी विचित्र वागायला लागलं, भ्रमिष्टासारखं करायला लागलं की 'तो डूलॅली झालाय' असं सर्रास म्हणतात. हे डूलॅली म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली! मी नाशिकची, त्यामुळे हा विषय निघाला की मला थोडक्यात उरकता येत नाही.

1861 मध्ये ब्रिटिशांनी देवळालीला लष्करी छावणी उभारली. मुंबईहून कसाऱ्याचा घाट चढून आलं की हवा कोरडी आणि बरीच सुसह्य होते. विलायतेहून नव्याने आलेल्या गोऱ्या शिपायांना इथे आणून हवापाण्याची सवय करून देत आणि मग पुढे पाठवत. परतीची वाटही इथूनच होती. ज्यांच्या नोकरीची मुदत संपली, ते हिंदुस्थानभरच्या पलटणींतून देवळालीत येऊन बोटीची वाट बघत.

खरी गोम या बोटींतच होती. सैनिकांना नेणारी जहाजं मुख्यतः हिवाळ्यात सुटायची. हंगामातली शेवटची बोट गेली की राहिलेल्यांचा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा छावणीतच जायचा. नोकरी संपलेली, घरी जायची परवानगी हातात, आणि जायला साधन नाही.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. त्याच्या आठवणी 1936 साली प्रसिद्ध झाल्या आणि त्यांत देवळालीचं वर्णन आहे. मुदत संपलेल्या शिपायांकडे ना बंदूक असायची ना बाकी सरंजाम. अधूनमधून किट मांडून दाखवायचं, कधीतरी रूट मार्च, बस्स. बाकी दिवस खायला उठायचा. सगळी नोकरी एकही डाग न लागता केलेली माणसं इथे येऊन गुन्हे करून बसत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. काही गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडत. छावणीतल्या या कंटाळ्याने माणसं जशी वागत, त्यावरूनच हा वाक्प्रचार पडला असावा, असं रिचर्ड्सचं म्हणणं.

मूळ वाक्प्रचार 'डूलॅली टॅप' असा होता. यातला 'टॅप' म्हणजे फारसी-उर्दूतला 'तप', आपला ताप. म्हणजे 'देवळालीचा ताप'. ळ तर त्यांना उच्चारता येणं शक्यच नव्हतं, त्यामुळे देवळालीची आधी देवलाली झाली आणि शिपायांच्या तोंडी डूलॅली. रेल्वेच्या इंग्रजी पाटीवरचं स्पेलिंग अजून त्याच वळणाचं आहे. पहिल्या महायुद्धानंतर, 1925 मध्ये निघालेल्या सैनिकी शब्दांच्या कोशात 'डूलॅली टॅप' हा जुना लष्करी शब्द म्हणून नोंदलेला आहे. पुढे 'टॅप' गळून पडला आणि नुसतं डूलॅली घरोघरी पोचलं.

देवळालीत म्हणे वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं आणि त्यावरून हा शब्द आला, असंही ठिकठिकाणी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. रिचर्ड्ससारखा त्याच काळातला शिपाई वेड्यांच्या इस्पितळाकडे नाही, रिकामपणाकडे बोट दाखवतो. महिनोन् महिने काही काम न देता माणसांना डांबून ठेवल्यावर काय होतं, हे समजायला इस्पितळाची गरजही नाही. आणि नाशिककर म्हणून सांगते, इथल्या हवेचा तर यात काडीचाही दोष नाही. उलट याच हवेसाठी देवळाली कॅम्पात सॅनिटोरियमं निघाली आणि मुंबईचे पारशी-गुजराती लोक पिढ्यान् पिढ्या तब्येत सुधारायला तिथे येत राहिले. दोष होता तो शिपायाची मुदत आणि बोटीचा हंगाम यांचा मेळ न घालणाऱ्या लष्करी कारभाराचा.