वाचकांचे प्रश्न : दहा जाडजूड खंड, पाच जणांची सोबत

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच कादंबरीमालिकेबद्दल होती : स्टीव्हन एरिक्सन यांची फँटसी (काल्पनिक जगाची) मालिका ‘मलाझन बुक ऑफ द फॉलन’. पहिला खंड १९९९ साली आला, दहावा २०११ साली. सगळे मिळून साधारण ३३ लाख शब्द, तेही इंग्रजीत. एकट्याने वाचताना पहिल्या खंडातच दम लागतो, म्हणून अनेकांनी गट जमवले आहेत. त्यांच्या शंकांची उत्तरं पुढे देत आहोत. पहिल्या खंडाच्या सुरुवातीपलीकडचं कथानकातलं कोणतंही मोठं रहस्य उघड होणार नाही, ही काळजी घेतली आहे.

प्रश्न : आम्ही पाच मैत्रिणी. ‘गार्डन्स ऑफ द मून’ हा पहिला खंड दोनदा हातात घेतला आणि दोन्ही वेळा शंभर पानांच्या आत सोडला. कुणालाच काही कळत नव्हतं. तिसऱ्यांदा सुरुवात कशी करावी? (कल्याण)

पाच ही संख्या उत्तम आहे. चारांच्या खाली गेलं, की एक जण मागे पडताच भेटच रद्द होते. सातांच्या वर गेलं, की दोघंच बोलतात.

तुम्ही सोडलंत ते ‘कळत नाही’ म्हणून. हा खंड लिहिलाच तसा आहे. एरिक्सन आणि इयान कॅमेरॉन एसलमाँट हे दोघे कॅनडाचे, दोघांचंही शिक्षण पुरातत्त्वाचं. १९८०च्या दशकात पात्रं वठवण्याच्या (रोल-प्लेइंग) एका खेळासाठी त्यांनी हे जग मिळून रचलं; पुढे एसलमाँट यांनीही याच जगात कादंबऱ्या लिहिल्या. या खंडाची कथा आधी पटकथा म्हणून लिहिली गेली आणि मग तिची कादंबरी झाली. त्यामुळे दृश्यं चित्रपटासारखी मधूनच सुरू होतात आणि ओळख करून द्यायला कुणी येत नाही. उत्खननात खापराचा तुकडा आधी हाती लागतो, भांडं मागाहून कळतं, तसं हे वाचन आहे.

आपल्याला शेकडो नावांची सवय नाही असं कुणी म्हणू नये. महाभारतातली नावं आणि उपाख्यानं आपण सहज पेलतो. पण तिथे शेवट लहानपणापासून ठाऊक असतो, म्हणून वाट चुकली तरी भीती वाटत नाही. इथे तो आधार नाही, आणि गटाने नेमका तोच द्यायचा आहे. गटाचं काम एकमेकींना समजावून सांगणं नव्हे, एकमेकींसाठी लक्षात ठेवणं.

वेळापत्रक असं आखा. खंड सुमारे ७०० पानांचा आहे. प्रस्तावना, सात भाग, २४ प्रकरणं आणि उपसंहार. पहिल्या आठवड्यात फक्त प्रस्तावना आणि पहिलं प्रकरण. दुसऱ्यात एकटं दुसरं प्रकरण. तिसऱ्यात तिसरं आणि चौथं. इथे पहिला भाग संपतो. पुढे दर आठवड्याला एक भाग, म्हणजे सहा आठवडे. दहावी भेट पूर्ण खंडासाठी. सरासरी रोजची अकरा पानं पडतात. सुरुवात मुद्दाम संथ ठेवली आहे, कारण गळती पहिल्या चार प्रकरणांतच होते. पाचव्या प्रकरणापासून कथा दारूजिस्तान या गॅसच्या निळ्या दिव्यांच्या शहरात जाते, माणसं जास्त बोलकी होतात आणि वाचनाला वेग येतो.

पहिल्या तीन भेटींत एकच गोष्ट कटाक्षाने करा : प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावरची तारीख मोठ्याने वाचा. प्रस्तावना ‘बर्नच्या निद्रे’च्या (ही त्या जगातली कालगणना) ११५४व्या वर्षी घडते, पहिलं प्रकरण ११६१ साली, दुसरं ११६३ साली. ती ओळ नजरेतून सुटली, की बारा वर्षांचा मुलगा एकदम सैन्याधिकारी कसा झाला असा गोंधळ उडतो. दुसरं प्रकरण तर लढाई संपल्यावर सुरू होतं आणि मग मागे जाऊन लढाई सांगतं. हे आधी माहीत असेल, तर पानं चुकीच्या क्रमाने बांधली गेलीत असं वाटणार नाही.

आणखी एक. प्रकरणात मध्ये रिकामी ओळ आली, की बघणारा माणूस बदलतो, आणि कोण बघतंय हे दोन-चार वाक्यं सांगितलंच जात नाही. म्हणून वाचन थांबवायचं ते रिकाम्या ओळीपाशीच. मध्येच थांबलात, तर दुसऱ्या दिवशी धागा सापडत नाही.

प्रश्न : नोंदी नेमक्या कशा ठेवायच्या? आमच्या वहीत पन्नास नावं झाली आणि एकही उपयोगी पडत नाही. (सांगली)

वह्या दोन हव्यात, आणि त्या दोघांकडे असाव्यात.

पहिली माणसांची. प्रत्येक नावापुढे तीनच रकाने : कुणाच्या बाजूचा, काय करतो, शेवटचा कुठे दिसला (प्रकरण क्रमांक). तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. एखादा माणूस तीनशे पानांनी परत येतो तेव्हा ‘हा कोण’ यापेक्षा ‘याला कुठे सोडलं होतं’ हे हवं असतं. केस, डोळे, पोशाख लिहीत बसू नका. बहुधा त्यामुळेच तुमची वही भरली. सैनिकांची बरीच नावं सैन्यात पडलेली टोपणनावं आहेत, तेव्हा एका माणसाची दोन नावं निघाली तर नवी ओळ न घालता जुन्या ओळीतच जोडा.

दुसरी वही प्रश्नांची, आणि खरं वाचन तिथे होतं. प्रत्येक भेटीत जास्तीत जास्त पाच प्रश्न, समोर उत्तराची जागा कोरी. प्रस्तावनेचंच उदाहरण घेऊ. मलाझ शहरातल्या जुन्या गढीच्या तटावर बारा वर्षांचा खानदानी मुलगा उभा आहे. वर वाऱ्याची दिशा दाखवणारं पत्र्याचं भूत करकरतं आहे, खाली गरिबांच्या वस्तीतून धूर चढतो आहे. मुलगा शेजारच्या अनुभवी सेनानीला सांगतो, की मला सैनिक व्हायचंय. इतक्यात सर्ली नावाची बाई येते. सम्राट जागेवर नाहीत, हुकूम ती देते आहे, आणि आपलं नाव तिने आता लसीन असं घेतलं आहे. पान उलटलं, की सात वर्षं गेलेली असतात आणि सम्राज्ञी लसीनचं राज्य चालू असतं. वहीत एवढंच उतरावं : ‘प्रस्तावना. सर्ली = लसीन. सम्राट कुठे गेला? सेनानी तिच्याशी असा का बोलतो?’ हे दोन प्रश्न कित्येक प्रकरणं जागे राहतात. खंड संपल्यावर सुटलेल्यांवर खूण करा आणि उरलेले पुढच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. निम्मे उरले, तर वाचन नीट चाललं आहे.

प्रकरणांच्या सुरुवातीच्या कविता आणि बखरींचे उतारे गाळू नका. बखरकाराप्रमाणे तेही कुणाच्या तरी बाजूने लिहिलेले आहेत. पण अर्थ लगेच लागला नाही तरी चालेल. भाग संपला की परत वाचा.

प्रश्न : आमच्या गटातल्या एका काकांनी दहाही खंड वाचले आहेत. ते मदत करायला उत्सुक आहेत. त्यांना घ्यावं का? (नाशिक)

जरूर घ्या, पण त्यांचं काम आधी ठरवून द्या. सगळं वाचलेला माणूस स्पॉयलर सहसा शब्दांनी देत नाही, तो वजनाने देतो. “ही ओळ नीट वाचा हं”, “याला विसरू नका” एवढं म्हटलं तरी बाकीचे सगळे त्याच ओळीकडे डोळे लावून बसतात. एखाद्या पात्राचं नाव निघताच काका गप्प झाले, तर तेही पुरेसं असतं.

त्यांना तीन गोष्टींची मुभा द्या. एक, वाचलेल्या भागातलं विस्मरण दुरुस्त करायचं : “हे तिसऱ्या प्रकरणात आलं होतं” असं, प्रकरण सांगून. दोन, प्रश्नाला “पुस्तकात याचं उत्तर आहे” किंवा “हे तुमचं तुम्ही ठरवायचं आहे” एवढंच सांगायचं. तीन, सुरुवातीला पाच मिनिटांची पार्श्वभूमी द्यायची. तीही इतकीच : मलाझन साम्राज्य गेनाबाकिस हा भूखंड जिंकत निघालं आहे, पेल आणि दारूजिस्तान ही दोन शहरं अजून हाती लागलेली नाहीत, ‘वॉरेन’ म्हणजे जादूचा उगम आणि तिच्यातून जाणारी वाटही, ‘डेक ऑफ ड्रॅगन्स’ हे भविष्य बघायचे पत्ते, ‘ब्रिजबर्नर्स’ ही सैन्यातली एक जुनी, नामांकित तुकडी. यापुढचं बोलणं बाकीच्यांचं. अंदाज चुकीचे निघाले तरी काकांनी हसू नये, मान हलवू नये. चुकलेला अंदाज मनात रुतून बसतो, आणि खरं काय ते कळतं तेव्हा तोच वाचकाला सर्वात जास्त आनंद देतो.

प्रश्न : नावं अडली की इंटरनेटवर शोधावीत का? (पणजी)

नाही. शोधपट्टीत नाव टाइप करताच पुढचे शब्द आपोआप येतात आणि त्यांतच मृत्यू नाही तर खरी ओळख उघडी पडते. पुस्तकात पुढे पात्रयादी आणि मागे शब्दसूची आहे, सुरुवातीला ती पुरते. ई-बुक असेल तर त्याच्या आत शोधा. पण आधी आलेले उल्लेखच पाहा, पुढचे नाही.

प्रश्न : गटातली एक जण न्यूजर्सीत आहे. तिचे पानक्रमांक आमच्याशी जुळत नाहीत, आणि चर्चेत तिच्यापुढचं बोललं जातं. (पुणे)

अमेरिकी आणि ब्रिटिश आवृत्त्यांची पानं वेगळी आहेत. पानक्रमांक सोडून द्या. ‘खंड १, प्रकरण ६, तिसरा तुकडा’ असं बोला. तुकडा म्हणजे दोन रिकाम्या ओळींमधला मजकूर. व्हॉट्सॲपवर संदेशाची पहिली ओळ हीच असावी आणि मजकूर त्याखाली चार-पाच ओळी सोडून यावा, म्हणजे सूचनेच्या पट्टीत दिसत नाही. टेलिग्रामवर मजकूर झाकायची सोय आहे, ती जास्त सोयीची. रविवारी आपल्या रात्री आठला तिच्याकडे सकाळचे साडेदहा असतात, हिवाळ्यात साडेनऊ.

प्रश्न : ऑडिओबुक चालेल का? (छत्रपती संभाजीनगर)

दुसऱ्यांदा वाचताना उत्तम. पहिल्यांदा ऐकताना दोन अडचणी येतात. रिकामी ओळ ऐकू येत नाही, त्यामुळे दृश्य बदललेलं कळत नाही. आणि काही नावं साधे इंग्रजी शब्द आहेत. ‘सॉरी’ नावाची एक तरुण सैनिक आहे; कानाने ऐकताना माफी मागितली की हाक मारली, हे कळायला क्षण जातो. शिवाय पहिले तीन खंड राल्फ लिस्टर यांच्या आवाजात आहेत, चौथ्यापासून मायकेल पेज वाचतात, तेव्हा उच्चारही बदलतात. प्रवासात ऐकायचंच असेल तर आदल्या दिवशी वाचलेलं प्रकरण पुन्हा ऐका.

प्रश्न : पहिला खंड आवडला. दुसरा उघडला तर सगळी माणसंच बदललेली! दोघं सोडून जायच्या बेतात आहेत. थेट तिसरा घ्यावा का? एसलमाँट यांच्या कादंबऱ्या मध्ये वाचाव्यात का? (कोल्हापूर)

तिसरा आधी घेऊ नका. दुसरा, ‘डेडहाउस गेट्स’, सेव्हन सिटीज या वेगळ्याच भूमीवर घडतो, पहिल्यातले मोजकेच लोक तिथे येतात. तिसरा, ‘मेमरीज ऑफ आइस’, गेनाबाकिसला परततो आणि काळाने दुसऱ्याला समांतर चालतो, म्हणून उडी मारायचा मोह होतो. पण दुसऱ्यातल्या घटनांचे पडसाद तिसऱ्यात उमटतात, आणि चौथा दोन्ही वाचलेत असं धरूनच चालतो. शिवाय दुसऱ्यात लेखकाचा हात पहिल्यापेक्षा कितीतरी बसलेला आहे. त्या दोघांना सांगा, की इतिहासकार डुइकर आणि सेनापती कोल्टेन यांच्या सैन्याची वाटचाल सुरू होईपर्यंत थांबा. निर्वासितांचा तो तांडा एकदा निघाला, की पुस्तक खाली ठेवणं जड जातं.

असे धक्के पुढेही आहेत, ते वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा. चौथ्याचा जवळजवळ पहिला चतुर्थांश एकाच माणसामागे जातो. पाचवा आणखी एका नव्या भूमीवर आणि आधीच्या काळात सुरू होतो. या दोन्ही ठिकाणी पहिल्या दोन आठवड्यांचं वाचन कमी ठेवा. वयांचा आणि वर्षांचा हिशेब खंडाखंडांत काही ठिकाणी जुळतही नाही. ती तुमची चूक नाही, त्यावर भेट वाया घालवू नका.

एसलमाँट यांचं ‘नाइट ऑफ नाइव्ह्ज’ लहान आहे आणि वर सांगितलेल्या सम्राटाच्या प्रश्नाशीच त्याचा संबंध आहे. म्हणूनच ते आधी वाचू नये. धीर धरवत नसेल तर पाचव्यानंतर, सहाव्याच्या आधी घ्या. त्यांची बाकीची दहा खंडांनंतर.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, वाचनाची प्रचंड आवड. तिला गटात घेऊ का? (सोलापूर)

अजून नको. दुसऱ्या खंडापासून युद्धातली क्रूरता, लैंगिक अत्याचार आणि मुलांचे मृत्यू येतात, आणि नवव्यात तर अत्याचाराचा एक प्रसंग मोठ्या माणसांनाही सोसवत नाही. प्रौढांच्या गटातही हे आधी सांगावं, आणि ज्याला तो तुकडा गाळायचा असेल त्याला कारण न विचारता गाळू द्यावा.

प्रश्न : दहा खंडांना किती काळ धरावा? मध्ये विश्रांती कुठे घ्यावी? (डोंबिवली)

पहिल्याला दहा आठवडे, पुढच्यांना प्रत्येकी तेरा ते चौदा. मधल्या सुट्ट्या आणि दिवाळी धरून अडीच ते तीन वर्षं. दोन खंडांमध्ये तीन आठवड्यांपेक्षा मोठी सुट्टी नको, नावं विसरतात. एक महिन्याची विश्रांती हवीच असेल तर पाचव्यानंतर किंवा आठव्यानंतर घ्या. नवव्यानंतर मात्र घेऊ नका : ‘डस्ट ऑफ ड्रीम्स’ आणि ‘द क्रिपल्ड गॉड’ ही एकच कादंबरी दोन पुस्तकांत विभागलेली आहे, नववा मधेच तुटतो. दहावा सगळ्यांच्या हातात आला आहे याची खात्री करून मगच नवव्याची शेवटची भेट ठेवा, आणि त्याच भेटीत दहाव्याच्या पहिल्या प्रकरणाची तारीख ठरवून उठा.