पहिली बुलेट, शेहेचाळिसाव्या वर्षी

प्रश्न : माझं वय ४६. मी कराडला राहते आणि मल्हारपेठच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. लग्नानंतर आधी स्कूटी आणि मग ॲक्टिव्हा चालवली. गिअरची गाडी कधी हातात घेतलेली नाही. माहेरी वडिलांची राजदूत होती. त्यांनी ती भावाला शिकवली आणि मला म्हणाले, "तुझं तू तुझ्या घरी गेल्यावर बघ." आता मुलगा पुण्याला नोकरीला लागला, घराचं कर्ज फिटलं, आणि मला बुलेट घ्यायची आहे. बुलेटच. मिस्टर म्हणतात, "या वयात कशाला?" मुलगा म्हणतो, "आई, इलेक्ट्रिक स्कूटर घे." सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. त्या मात्र म्हणाल्या, "घेतलीस तर आधी मला पालच्या खंडोबाला ने." माझी उंची ५ फूट १ इंच. घेऊ का? स्पष्ट सांगा.
— म. शि., कराड

उत्तर : घ्या, ताई. पण बुलेट ही तुमची दुसरी मोटारसायकल असू द्या, पहिली नको.

मिस्टरांच्या "या वयात"कडे मी नंतर येते. त्याआधी मला काळजी वाटते ती तुमच्या डाव्या हाताची. ॲक्टिव्हाच्या डाव्या मुठीला ब्रेक असतो. समोर अचानक कुणी आलं की तुमचा डावा हात आपोआप आवळला जातो आणि गाडी थांबते. मोटारसायकलवर त्याच जागी क्लच असतो. ब्रेक दोन्ही उजवीकडे, पुढच्या चाकाचा हाताला आणि मागच्या चाकाचा पायाला. त्यामुळे घाबरून डावा हात आवळलात तर ब्रेक तर लागत नाहीच, वर इंजिन चाकापासून सुटतं आणि इंजिनाने गाडी जी थोडीफार धरून ठेवलेली असते तीही मोकळी होते.

मी कोल्हापुरात बायकांना दुचाकी शिकवते. अजिबात गाडी न चालवलेली मुलगी आली तर मी निर्धास्त असते. स्कूटरवर हात पक्का बसलेली बाई आली की माझं सगळं लक्ष तिच्या डाव्या हातावर. एक अडत दुकान चालवणाऱ्या ताई होत्या, पन्नाशीच्या पुढच्या. मैदानावर दुसऱ्या गिअरमध्ये छान फेऱ्या मारत होत्या. मध्येच एक कुत्रं आडवं आलं. ताईंनी क्लच असा आवळला की बोटांची पेरं पांढरी पडली, आणि गाडी तशीच तारेच्या कुंपणाकडे निघाली. मी मागून "उजवा! उजवा!" म्हणून ओरडत धावले. वेग फारसा नव्हता. पुढचं चाक जाळीला टेकलं आणि गाडी उभी राहिली. तुमच्या रस्त्यावर त्या जाळीच्या जागी वळणारी एसटी असू शकते.

हे नुसतं लक्षात ठेवून होत नाही, हाताकडून घोटून घ्यावं लागतं. सुरुवात मेन स्टँडवर, इंजिन बंद ठेवून. कुणीतरी शेजारी उभं राहून मध्येच "थांब" म्हणेल, तुम्ही उजवा हात आणि उजवा पाय एकदम दाबायचा. मग मैदानात चुन्याची रेघ मारून तिच्यावर थांबायचं : उजवा हात, उजवा पाय, आणि गाडी थांबायला आली की शेवटी क्लच. पुढचा ब्रेक हिसक्याने ओढायचा नाही, लिंबू पिळल्यासारखा जोर वाढवत न्यायचा. थांबताना बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे खरा ब्रेक पुढचाच. नुसत्या पायाच्या ब्रेकवर भिस्त ठेवणारे लोक मागचं चाक घसरवून घेतात. आणि एक गोष्ट मी शिकणाऱ्या प्रत्येकीकडून कबूल करून घेते : पहिले काही आठवडे ॲक्टिव्हाला हात लावायचा नाही. तेवढे दिवस शाळेला एसटीने जा. सकाळी स्कूटर आणि संध्याकाळी मोटारसायकल असं केलंत तर हात दोन्हीकडून गोंधळतो.

आता वजन. बुलेट ३५० आहे १९५ किलोची, सीटची उंची ८०५ मिलिमीटर. तुमची ॲक्टिव्हा ११० किलोच्या आत भरते. तुमच्या उंचीला बुलेटवर दोन्ही बाजूंना पायांची जेमतेम बोटं टेकतील. चालत्या गाडीत याने काही अडत नाही, उलट वजनदार गाडी सरळ रस्त्यावर शांत चालते. गाडी पडते ती उभी असताना किंवा अगदी हळू जाताना : पार्किंगमध्ये, सिग्नलला, दारातल्या उतारावर. पाय टेकवायला जावं आणि तिथे नेमका खड्डा निघावा. गाडी एकदा ठरावीक कोनापलीकडे कलली की तुम्हीच काय, तुमच्या मुलालाही ती हातांनी तोलून धरता येणार नाही. तिथे धरायला जाऊ नका. हँडल सोडा आणि बाजूला व्हा.

पडलेली गाडी उचलायची रीत आहे, ती शिकूनच घ्या. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर आधी किल्ली बंद करा, गिअरमध्ये टाका म्हणजे चाक फिरणार नाही, आणि साइड स्टँड खाली काढा. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून बसल्यासारखं खाली बसा. हँडल पूर्ण खालच्या बाजूला वळवून एका हाताने त्याची खालची मूठ धरा, दुसऱ्या हाताने सीटमागची धरायची दांडी, म्हणजे ग्रॅब रेल. पाठ ताठ, नजर समोर, आणि जोर सगळा मांड्यांचा. छोटी छोटी पावलं मागे टाकत गेलात की गाडी उठते आणि पलीकडे स्टँडवर विसावते. डाव्या कुशीवर पडली तर स्टँड गाडीखाली अडकलेला असतो, ती पलीकडे लवंडणार नाही एवढं बेतानं उचलायचं. कमरेत वाकून तोंड गाडीकडे करून उचलायला गेलात तर मणका दुखावेल. आणखी एक सवय लावून घ्या. उताराकडे तोंड करून गाडी कधी लावू नका. मोटारसायकलला रिव्हर्स नसतो. १९५ किलो चढावर मागे ओढायची वेळ आली की शाळेच्या शिपायाला हाक मारावी लागेल, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

म्हणून आधी एक जुनी स्प्लेंडर किंवा शाइन घ्या. स्प्लेंडर ११२ किलोची आहे, म्हणजे वजन तुमच्या ओळखीचं. नवं काय ते फक्त क्लच, गिअर आणि ब्रेकची जागा. तिच्यावर हाफ क्लच, म्हणजे क्लच किती सोडला की गाडी हलते ते कळतं, गाडी बंद पडून पडून कळतं, आणि पडलीच तर इंडिकेटर फुटण्यापलीकडे फार खर्च नाही. या गाड्यांना गिऱ्हाईक कायम असतं, त्यामुळे सांभाळून वापरलीत तर विकताना फारसं नुकसान नाही. घेताना आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा. बँकेचा बोजा उतरलाय का, ई-चलान थकलंय का, विमा चालू आहे का हे पैसे देण्याआधी बघायचं.

शिकवायला मिस्टर नकोत. हे मी त्यांच्याबद्दल काही वाईट मनात धरून म्हणत नाही. नवरा मागे बसला की त्याचा जीव वरखाली होतो, तो प्रत्येक वळणावर "अगं, अगं" करतो, आणि शिकणारीचं लक्ष रस्त्यावरून त्याच्या आवाजावर जातं. बाहेरचं माणूस बघा, पैसे द्या, आणि बाजार नसलेल्या दिवशी बाजाराच्या मैदानावर शिका.

परवान्याचं काम मात्र या आठवड्यातच सुरू करा. तुमच्या परवान्यावर बहुधा विनागिअर दुचाकी एवढाच वर्ग असेल, तो काढून बघा. तसं असेल तर गिअरच्या गाडीसाठी नवा वर्ग जोडून घ्यावा लागतो : आधी शिकाऊ परवाना, तो मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी चाचणी. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. वय चाळिशीपुढे असल्यामुळे डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ लागेल. कराडलाच परिवहन कार्यालय आहे, साताऱ्याला जायला नको. योग्य वर्ग नसताना गिअरची गाडी रस्त्यावर काढलीत तर दंड तर आहेच, पण अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. शिकाऊ परवान्यावर शिकवणाऱ्याशिवाय मागे कुणाला बसवता येत नाही, त्यामुळे खंडोबाची वारी तोवर लांबणीवर. सासूबाई नऊवारी नेसत असतील तर त्यांना दोन्हीकडे पाय टाकून बसवा, एका बाजूला बसण्यापेक्षा त्यात गाडीचा तोल कितीतरी बरा राहतो. हेल्मेट त्यांनाही कायद्याने लागतं.

आता मिस्टरांचं. "या वयात कशाला" यात मला दोन गोष्टी ऐकू येतात. एक लोक काय म्हणतील ही. तिला उत्तर द्यायची गरज नाही. दुसरी भीती आहे, आणि ती खरी आहे. पाळी जाण्याच्या वयात हाडांची घनता उतरू लागते. पडताना माणूस आधी हात टेकतो, आणि मोडतं ते मनगट. म्हणून तळव्याला पॅड असलेले हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट हे बुलेटच्या किमतीतच धरा, वरचा खर्च म्हणून नका धरू. हेल्मेट आयएसआय मार्कचं, गालाला घट्ट बसणारं. अंबाडा घालून हेल्मेट नीट बसत नाही, मागून उचललं जातं. वेणी खाली सोडा आणि शर्टाच्या आत घ्या. ओढणीला गाडीवर जागाच नाही. स्प्लेंडरची साखळी पूर्ण झाकलेली असते, बुलेटची तशी नसते.

डोळे तपासून घ्या, चष्मा असला तरी. चाळिशीनंतर समोरच्या दिव्याची तिरीप डोळ्यांवर आली की नजर सावरायला वेळ लागतो. तुमच्या रस्त्यावर त्याला फार महत्त्व आहे. दिवाळीपासून उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि समोरून येणाऱ्याचा हाय बीम. त्या उजेडाच्या मागे उसाची मोळी अंधारात उभी असते, ती शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. वर रस्त्यावर सांडलेलं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, दव पडलं की त्यावरून चाक सरकतं. मिस्टरांना शब्द द्या की हंगामात दिवस मावळल्यावर त्या रस्त्याला मोटारसायकल काढणार नाही, आणि तो पाळा. माझा अनुभव आहे, घरचा विरोध अशा एखाद्या ठाम शब्दाने जितका निवळतो तितका वादाने निवळत नाही.

मुलाचं म्हणणं शाळेच्या जाण्यायेण्यापुरतं बरोबर आहे. रोज पन्नासेक किलोमीटरला इलेक्ट्रिक स्कूटर स्वस्त पडेल. पण तुमचं पत्र पेट्रोलच्या खर्चाचं नाही. वडिलांनी राजदूत भावाला शिकवली आणि तुम्ही दारात उभ्या राहिलात, ती गोष्ट तुम्ही आजही विसरलेल्या नाहीत. ही इच्छा खरी आहे, तिला शेहेचाळीस काय नि छप्पन्न काय. गिअर एकदा अंगवळणी पडला की कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. स्कूटरवर हा आधार फारसा मिळत नाही. पहिल्यांदा ते अंगाला जाणवलं की तुम्हाला हसू येईल, मी किती जणींच्या चेहऱ्यावर ते पाहिलंय.

एक पावसाळा स्प्लेंडरवर काढा. ओल्या रस्त्यावर, चिखलात, मागे माणूस बसवून थांबता आलं की बुलेटसाठी तयार झालात असं मी म्हणेन. शोरूमला जाताना रोजचेच बूट घाला आणि बुलेटसोबत त्याच कंपनीच्या मिटिऑर आणि हंटरवरही बसून बघा. मिटिऑरची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे, तुमचे पाय तिथे नीट टेकतील. हंटर १८१ किलोची, बुलेटपेक्षा हलकी. बघूनही मन बुलेटवरच राहिलं तर बुलेटच घ्या, तेव्हा तुमचा हात तिला सांभाळण्याजोगा झालेला असेल. या तिन्ही गाड्या ३५० सीसीच्या आतल्या, त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमाही पहिली काही वर्षं सोडू नका.

मुहूर्त दसऱ्याचा धरणार असाल तर बुकिंग गणपतीच्या आधी करा. सणाच्या तोंडावर हवा तो रंग मिळत नाही.