खासी लोक कापणीला कोणती पारंपरिक हत्यारे वापरतात?

मेघालयातल्या खासी डोंगरात भाताच्या कापणीचं मुख्य हत्यार विळाच. खासीत त्याला 'राशी' म्हणतात. कापलेल्या पेंढ्या दगडावर झोडपून दाणे काढायची जुनी रीत आहे, मग 'प्राह' म्हणजे बांबूच्या सुपात पाखडायचं.

बटाट्याला विळ्याचा उपयोग नाही. तो 'मोखिउ'ने उकरतात. ही आखूड दांड्याची, रुंद पात्याची कुदळ. उतारावर, वाकून काम करायला ती सोयीची पडते. जमीन खणणं, तण काढणं, कंद उपटणं, सगळं तिच्यावरच. झुडपं-फांद्या तोडायला 'वाइत' हा कोयता असतो.

पण माझ्या मते पात्यांइतकीच महत्त्वाची आहे 'खोह' ही टोपली, जी अशा याद्यांत हमखास सुटते. वेत-बांबूची, वर रुंद आणि खाली निमुळती, पाठीवर टेकवायची. तिचा पट्टा खांद्यावर नाही, कपाळाच्या वर डोक्यावर येतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. घाटरस्ता चढताना हे किती कामाचं, ते आपल्या सह्याद्रीत लाकडाची मोळी वाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. दाण्यासाठी खोहची वीण घट्ट असते, लाकूडफाट्यासाठी विरळ जाळीची चालते.