एका रात्रीत आत्मचरित्र वाचू नका

पत्र : माझं वय ४२. दोन वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी झाले. पंधरा वर्षांच्या लेकीला घेऊन आईकडे राहते, नोकरी आहे. वाढदिवसाला मैत्रिणीने पाच आत्मचरित्रं दिली : हंसा वाडकर, लक्ष्मीबाई टिळक, रमाबाई रानडे, बेबी कांबळे आणि ऊर्मिला पवार यांची. ‘वाच, बळ येईल,’ म्हणाली. हंसाबाईंचं एका रात्रीत संपवलं आणि पुढच्या चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मग लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ घेतलं, अर्ध्यावर मिटलं. कुठे या बायका आणि कुठे मी! मला सोसायटीच्या हळदीकुंकवाला जायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो. मैत्रीण सारखी विचारते, कुठवर आलं? त्यात आता लेक ती पुस्तकं चाळायला लागली आहे. काय करू?
— अर्ध्यावर थांबलेली, सांगली

उत्तर : ताई, आधी झोपेचं बोलू. ती गेली यात तुमचा दुबळेपणा नाही. पाचांतलं नेमकं तेच पुस्तक पहिलं हाती लागलं, जे तुमच्यासाठी सगळ्यात शेवटी यायला हवं होतं. ‘सांगत्ये ऐका’ हे अभिनेत्री हंसाबाईंनी सांगितलेलं आणि अरुण साधूंनी शब्दांत उतरवलेलं आत्मकथन. १९७० साली पुस्तकरूपाने आलं. बाई बोलते आहे आणि आपण ऐकतो आहोत, असा त्याचा ओघ आहे, त्यामुळे मध्ये थांबायला जागाच सापडत नाही. त्यात बिघडलेला संसार, दारू, पुरुषांनी केलेली फसवणूक. दोन वर्षांची ओली जखम घेऊन हे रात्री अंथरुणात वाचलं, तर डोकं शांत कसं होणार? ते वर्षभर बाजूला ठेवा. फेकू नका, कोणाला देऊनही टाकू नका, पुस्तक मोलाचं आहे.

बाकीच्या चारांसाठी वेळ बदला. संध्याकाळी चहानंतर, खुर्चीत बसून, घरात माणसं जागी असताना वाचा. वीस मिनिटं किंवा पंधरा पानं, जे आधी होईल ते. वाचून झाल्यावर उठून हाताचं काम करा, भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. आठवड्यातून चार दिवस पुरे. वाचता वाचता छाती धडधडली किंवा तेच वाक्य तिसऱ्यांदा वाचावं लागलं, तर पानाचा आकडा लिहून ठेवा आणि मिटा. दुसऱ्या दिवशी ते प्रकरण सोडून पुढचं घेतलं तरी चालतं. आत्मचरित्र ही काही पोथी नव्हे, पारायण मोडलं म्हणून दोष लागत नाही.

आता ‘कुठे त्या, कुठे मी’. तुलना करायचीच असेल तर निदान वर्षं तरी नीट मोजा. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्या सत्ताविशीच्या आतबाहेर होत्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४ साली. म्हणजे त्या धक्क्यात आणि छापील पानात जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर आहे. तो खेळकर सूर, स्वतःच्या फजितीवरही हसणं, हे उतारवयातल्या बाईचं आहे. सत्ताविसाव्या वर्षी त्या हसत नव्हत्या, आणि हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. तुमची दोन वर्षं त्यांच्या चाळीस वर्षांशेजारी ठेवलीत तर माप चुकणारच.

तुम्ही मिटलेलं पुस्तक इथूनच पुन्हा उघडा, धर्मांतराची बातमी येते तिथून. सोबत एक साधी वही घ्या आणि दर बैठकीनंतर चार प्रश्नांची एकेका ओळीत उत्तरं लिहा. या प्रसंगात तिचं वय काय? तिचं जेवणखाण, राहणं कोणाच्या भरवशावर होतं? मदतीला कोण आलं? आणि तिने काय सांगायचं टाळलं आहे? चौथ्याचं उत्तर बरेचदा कोरं राहील, राहू द्या. तिसऱ्याचं मात्र सोडू नका. धीराची बाई वाचताना डोळ्यांसमोर ती एकटीच उभी राहते, आणि तिची बहीण, शेजारीण, चुलीवरचं एक जास्तीचं भांडं आपल्या लक्षातच येत नाही. लक्ष्मीबाईंना बहिणीच्या घराचा आधार होता, तुम्हाला आईच्या घराचा आहे. त्यांच्या धीराच्या हिशेबात तो आधार धरता, मग तुमच्याच हिशेबातून का वगळायचा?

आणखी एक बारकाईने पाहा. धर्मांतरानंतर काही वर्षं वेगळ्या राहून टिळकांकडे परत आल्यावर लक्ष्मीबाई एका झटक्यात बदलल्या नाहीत. नवरा ख्रिस्ती, आणि त्याच घरात यांचं सोवळं, स्वयंपाक, पाणी सगळं वेगळं. एकेक गोष्ट सोडत, स्वतःच्या मनाशी वाद घालत त्या पुढे गेल्या आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या धर्मांतरापासून पाच वर्षं लागली. तुम्हाला हळदीकुंकवाला जाताना गोळा येतो ना, तर यंदा नुसत्या दारापर्यंत जाऊन वाण घेऊन या. आत बसायचं पुढच्या वर्षी बघू.

बेबीताईंचं ‘जिणं आमचं’ तिसऱ्या महिन्यानंतर घ्या. वीरगाव आणि फलटणच्या महारवाड्यातलं बोलणं जसंच्या तसं त्यात आलं आहे, म्हणून सुरुवातीची दहा पानं मोठ्याने वाचा. शब्द अडला तरी थांबू नका, चार ओळींत अर्थ लागतो. भूक आणि सुनांचा छळ यांची पानं फार जड आहेत, तिथे एका वेळी पाच पानांवर थांबा. आणि नावातलं ‘आमचं’ बघा, ‘माझं’ नाही. फलटणला छोटं दुकान चालवत त्यांनी हे लिहिलं आणि घरच्यांपासून वीस वर्षं लपवून ठेवलं. नवऱ्याने स्वतःला केलेली मारहाण त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितली, पुस्तकात तिला फारशी जागा नाही, कारण त्यांना वस्तीचं जगणं मांडायचं होतं. एवढी निर्भीड बाईसुद्धा काय सांगायचं आणि काय मागे ठेवायचं ते स्वतः ठरवते. तुमच्या संसाराचं काय झालं हे हळदीकुंकवात कोणी विचारलं, तर तोच अधिकार तुमचाही आहे.

‘आयदान’ त्यानंतर. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं. ऊर्मिलाताईंची आई ती विणून घर चालवायची. कोकणातल्या बालपणाची पानं तुम्ही सहज वाचाल. बाईचं शिकणं-लिहिणं घरात खुपायला लागतं त्या मुंबईच्या भागात मात्र पुन्हा वीस मिनिटांवर या.

लेकीपासून पुस्तकं लपवू नका. लपवलेलंच आधी वाचलं जातं. तिच्या हाती रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ द्या. १९१०चं पुस्तक आहे, भाषा जुनी, पण अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी घरातल्या बायकांचे टोमणे खात शिकते, हे पंधरा वर्षांच्या मुलीला लगेच भिडतं. तेच प्रकरण तुम्हीही वाचा आणि जेवताना त्यावर बोला. हंसाबाईंच्या पुस्तकाबद्दल सरळ सांगा, ‘यात मोठ्या बाईचे फार वाईट अनुभव आहेत. मला त्याने त्रास झाला. तू अठराची झालीस की दोघी मिळून वाचू.’ तिने तरी वाचलंच तर रागावू नका, कुठल्या पानावर अडलीस एवढंच विचारा.

मैत्रिणीची माया खरी आहे, पण रोजची चौकशी परीक्षेसारखी होते. तिला लिहा : ‘पुस्तकं आवडली, सावकाश वाचते आहे. कुठवर आलं ते मीच सांगेन.’ आणि जमलं तर तिलाच ‘स्मृतिचित्रे’ वाचायला सांगा. महिन्यातून एकदा भेटून दोघींनी आवडलेलं एकेक पान एकमेकींना वाचून दाखवा. तिची प्रत संक्षिप्त आवृत्तीची नाही ना, ते मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर बघून घ्या, नाहीतर प्रसंग जुळणार नाहीत.

पुस्तकं बंद ठेवूनही झोप दोन आठवडे अशीच उडालेली राहिली, भूक मंदावली किंवा जगणं नको वाटू लागलं, तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी असलेला टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.