‘मुकाबला’ म्हणजे मारामारी नव्हे

प्रश्न असा आलाय. कोथरूडचा एक वाचक आणि त्याचे मित्र डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या लाइव्ह अल्बमवरून तासन्‌तास भांडत असतात, त्याने त्यावर चार पानं लिहून काढली आणि वर शीर्षक दिलं ‘मेड इन जपान आणि मेड इन युरोप यांचा मुकाबला’. एका मित्राने लगेच हरकत घेतली की मुकाबला म्हणजे लढत, अल्बम काय कुस्ती खेळतात का, ‘तुलना’ म्हण. दुसऱ्याने त्यावर कडी केली की मुकाबला हा शब्दच मराठी नाही, हिंदीतून आलाय, काढून टाक. आणि शेवटी जाता जाता विचारलंय की ‘लाइव्ह’ला मराठीत काय म्हणायचं.

शेवटचं आधी उरकतो. लाइव्हला लाइव्हच म्हणा. ‘जिवंत ध्वनिमुद्रण’ असं कोणी लिहिलं की मला बाकीची ध्वनिमुद्रणं मेलेली आहेत की काय असं वाटायला लागतं. पुढे चला.

मुकाबल्याच्या बाबतीत शीर्षक देणारा बरोबर आहे, दोन्ही मित्र चूक आहेत, आणि दुसरा जरा जास्तच चूक आहे. लढत हा अर्थ सगळ्यांना माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. पण तोच एक अर्थ आहे असं लोकांना वाटायला लागलंय याचं खापर मी न्यूज चॅनलवाल्यांच्या डोक्यावर फोडतो. गहुंज्याला मॅच असली की आठवडाभर आधीपासून ‘महामुकाबला’, निवडणूक आली की ‘तिरंगी मुकाबला’, परवा तर मिसळीच्या दोन हॉटेलांचा ‘चविष्ट मुकाबला’ ऐकला. सामना आहे, लढत आहे, झुंज आहे, चुरस आहे, इतके शब्द घरात असताना हा एकच झेंडा सगळीकडे नाचवायचा आणि त्यातला मूळचा जो नाजूक अर्थ तो पार चिरडून टाकायचा.

मूळ अर्थ समोरासमोर ठेवणं. अरबीत क-ब-ल हा धातू, त्यात समोर असण्याचा भाव. नमाज ज्या दिशेला तोंड करून पढतात तो किबला इथलाच, समोर आलेलं स्वीकारायचं ते कबूल इथलंच, आणि एकाने दुसऱ्याच्या समोर असणं, दोघांनी एकमेकांच्या समोर असणं तो मुकाबला. (काबूल शहराचा यात काही संबंध नाही, विचारू नका, लोक विचारतात.) आता दोन माणसं समोरासमोर आणली तर भांडतील हे ठीक, पण दोन कागद समोरासमोर आणले तर काय करतील? कागद भांडत नाहीत, ते ताडून पाहिले जातात. आपल्याकडे फारसी शब्द, आणि फारसीने उचललेले अरबीही, मुख्यतः दफ्तराच्या दारातूनच आत आले आणि दफ्तरात हाच अर्थ कामाचा होता. कारकुनाने मोडीत नक्कल उतरवायची, मग एकाने असल हातात घेऊन मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ओळ न्‌ ओळ जुळवत जायचं. रुजुवात म्हणतात तीही हीच. तलाठ्याकडून उतारा काढला तर त्यावर ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’ असा मजकूर असायचा, तो त्याच पठडीतला. असल आणि नक्कल यांचा मुकाबला, हे अस्सल मराठी कारकुनी वाक्य आहे आणि ते हिंदीतून आलेलं नाही. हिंदीतही तो तिथूनच आला जिथून आपल्याकडे आला. शेजाऱ्याच्या घरात आपल्यासारखीच घागर दिसली म्हणून ती आपण त्याच्याकडून उचलली असं होत नाही, दोघांनी एकाच कुंभाराकडून घेतलेली असू शकते.

आता एक व्याकरणाची गंमत, जी कोणी सांगत नाही. ‘संकटाचा मुकाबला केला’ म्हटलं की षष्ठीत एकच नाम, आणि करणारा स्वतः लढणारा. ‘दोन नकलांचा मुकाबला केला’ म्हटलं की षष्ठीत दोन, आणि करणारा बाहेर चष्मा लावून बसलेला. म्हणजे किती जणांना ‘चा’ लागलाय त्यावरून तुम्ही मैदानात आहात की टेबलाशी ते ठरतं. तुमच्या शीर्षकात दोन अल्बम आहेत, तुम्ही टेबलाशी आहात, प्रश्न मिटला. ‘अल्बमचा अल्बमशी मुकाबला’ लिहिलं असतंत तर मात्र तुमच्या मित्राच्या कुस्तीला काही अर्थ होता.

‘तुलना’ चूक नाही, पण वेगळी आहे. तुलना तुलेतून, म्हणजे तराजूतून आलेली, तिला वजन लागतं, शेवटी एक पारडं खाली जाणार हे धरूनच ती चालते, म्हणून तुलना करणारा माणूस शेवटी ‘मग भारी कुठला’ यावर येतोच येतो. मुकाबल्यात पारडं नाही, कुठे जुळतं आणि कुठे जुळत नाही एवढंच बघायचं. लाइव्ह अल्बम ऐकणारे करतात ते नेमकं हेच, स्टुडिओतलं गाणं पाठ असतं आणि लाइव्ह ऐकताना मनातल्या मनात बोट फिरत असतं, इथे सोलो लांबवलाय, इथे ओळ गाळली, इथे आवाज वर नेलाच नाही.

पण हे सगळं जाऊ द्या, मुकाबल्याची खरी मजा याच्या पुढे आहे आणि ती सांगायची म्हणूनच मी हा प्रश्न घेतला. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिज्मी नावाचा गणिती होऊन गेला. त्याच्या समीकरणांवरच्या पुस्तकाच्या नावात दोन शब्द आहेत, अल-जब्र आणि अल-मुकाबला. पहिल्या शब्दाचं पुढे अल्जिब्रा झालं आणि जगभर शाळेतल्या पोरांच्या मानगुटीवर बसलं, दुसरा बिचारा गणितातून मागे पडला आणि आपल्या चॅनलवाल्यांच्या हाती लागला. मुकाबला म्हणजे काय तर समीकरणाच्या दोन्ही बाजू समोरासमोर ठेवायच्या आणि जे दोन्हीकडे सारखं आहे ते काढून टाकायचं. त्याचंच उदाहरण आहे, एकीकडे ५० आणि क्ष वर्ग, दुसरीकडे २९ आणि दहा क्ष. दोन्हीकडून २९ काढा, राहिलं एकीकडे २१ आणि क्ष वर्ग, दुसरीकडे दहा क्ष. झाला मुकाबला. रक्ताचा थेंब सांडला नाही.

आणि जब्र? जब्र म्हणजे मोडलेलं जागेवर बसवणं. वजा झालेला भाग भरून काढून समीकरण पूर्ण करायचं ते जब्र, आणि मोडलेलं हाड बसवायचं तेही जब्रच, म्हणून स्पॅनिशमध्ये एके काळी ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणजे चक्क हाडवैद्य होता. हाड बसवायला जोर लागतो, तिथून जब्र म्हणजे जोर, सक्ती. मजबूर याच धातूतला, ज्याच्यावर जब्र झालाय तो. (मजबूत मात्र नव्हे. त्याचं मूळ वेगळं, तो जप्तीचा भाऊ. ही चूक छापील पुस्तकातसुद्धा पाहिलीये.)

आणि आता माझं लाडकं म्हणणं. पुण्यात गेली कित्येक वर्षं पोरं ‘जबरी’ म्हणतात ना, जबरी वाजवलंय, जबरी सोलो, ते जबरी हेच जब्र. म्हणजे एखादा फॅन ‘जबरी मुकाबला’ म्हणतो तेव्हा तो नकळत बगदादच्या गणिताच्या पुस्तकाचं नाव उच्चारत असतो! आणि जो अल्गोरिदम त्याला रात्री दोन वाजता पुढचं गाणं सुचवतो, त्या अल्गोरिदमचं नावही याच ख्वारिज्मीच्या नावावरून पडलेलं. एका माणसाने डीप पर्पलच्या फॅनला तिन्ही बाजूंनी घेरलंय.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं. फारसी शिकलेले माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, ते म्हणतात जबरी हे ‘जबरदस्त’चं आखूड रूप, आणि जबरदस्त हा तर फारसी, जबर म्हणजे वर आणि दस्त म्हणजे हात, ज्याचा हात वर तो जबरदस्त, त्याचा अरबी जब्रशी संबंध नाही. जबरदस्तबद्दल ते शंभर टक्के बरोबर आहेत, तिथे माझा वादच नाही. पण जबरी त्यातून आला हे कशावरून? तर म्हणे उच्चारावरून, आपण जबरीतला ज दाताशी म्हणतो, ‘जय’मधल्यासारखा म्हणत नाही, आणि फारसी जबरमध्ये तसाच ज आहे. अहो, मग ‘जमा’ घ्या, ‘जबाब’ घ्या. दोन्ही अरबी, मुळात दोन्हीकडे साधा ज, आणि मराठी माणूस दोन्ही दाताशीच म्हणतो. ‘जागा’ फारसी, तिथेही तेच. मराठीने अ आणि आ च्या आधीचा परका ज बऱ्याचदा असा मऊ करून घेतलाय, तेव्हा उच्चाराची साक्ष कोर्टात टिकत नाही. कोर्टावरून आठवलं, पोलिसांच्या कागदात ‘जबरी चोरी’ आहे, जुन्या दंडविधानाचं कलम ३९२, तिथे जबरी म्हणजे सरळ सरळ बळ वापरून केलेली, तिथे कुठला आलाय वरचा हात? जोर, सक्ती, हा जब्रचाच अर्थ. आणि सक्तीतून कौतुक कसं झालं म्हणाल तर पुण्याची सवयच ती. ‘भारी’ आधी वजनाला होता, ‘खतरनाक’ आधी धोक्याला होता, दोन्ही कौतुकाला लागले, जबरी त्यांच्याच रांगेत उभा राहिला. ‘जबरदस्त’ त्याच्या शेजारी आला आणि दोघं एकमेकांत मिसळले एवढं मी मान्य करीन, त्यापुढे एक पाऊल नाही. आणि संस्कृतातून काढून दाखवणारे जे आहेत त्यांना तर मी उत्तरच देत नाही, फर्ग्युसनमध्ये माधव जूलियनांनी एके काळी फारसी शिकवली त्या गावात राहून अशी दुकानं थाटायची म्हणजे कमाल आहे.

तर अल्बम. ख्वारिज्मीची रीत लावून बघा, इतकी चपखल बसते की काय सांगू. ‘स्पेस ट्रकिन’ स्टुडिओत साडेचार मिनिटांच्या आसपास, ‘मेड इन जपान’वर जवळजवळ वीस. दोन्हीकडून साडेचार काढा, उरली पंधरा मिनिटं, बोलायचं ते त्या पंधरा मिनिटांबद्दल बोला, लोक बोलतात मात्र त्या साडेचारबद्दलच. किंवा ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ घ्या. मधे ब्लॅकमोर गिटारवर एक छोटी फ्रेज टाकतो आणि थांबतो, गिलन तीच गळ्यातून परत देतो, ब्लॅकमोर थोडी वाकडी करून टाकतो, गिलन तीही वाकडी करूनच देतो, असं करत करत वर जातात आणि शेवटी गिलन एक किंकाळी अशी लांबवतो की त्यापुढे गिटारला काही टाकायलाच उरत नाही. याला सगळे ‘जुगलबंदी’ म्हणतात, म्हणू देत, पण जुगलबंदीत दोघं जोडीने वाजवतात, इथे एक विचारतो आणि दुसरा उत्तर देतो, हे आपल्या तमाशातले सवाल-जवाब आहेत, आणि अरबीतला मुकाबलाही हाच, तोंडासमोर तोंड. स्टुडिओतल्या गाण्यात यातलं काही नाही.

आता ‘मेड इन युरोप’. हा १९७६ साली आला, रेकॉर्डिंग १९७५ च्या एप्रिलमधलं, आणि यातली पाच गाणी, बर्न, मिसट्रीटेड वगैरे, यातलं एकही ‘मेड इन जपान’वर नाही, असणार कसं, ती गाणीच नंतरची. म्हणजे तुमचा शब्द बरोबर आणि अल्बम चुकीचे! दोन्हीकडे सारखं असं गाणंच नाही तर काढणार काय आणि ताडणार कशाशी? तरीही हट्टच असेल तर माणसांचा करा. ब्लॅकमोर, जॉन लॉर्ड आणि इयन पेस दोन्हीकडे आहेत, तिघांना दोन्हीकडून काढा, उरलं एका बाजूला गिलन अधिक ग्लव्हर आणि दुसऱ्या बाजूला कव्हरडेल अधिक ह्यूज, म्हणजे दोन्हीकडे गायक अधिक बेसवाला. तुमच्या ग्रुपमधली सगळी भांडणं या एवढ्या ओळीत बसतात, बाकी चार पानं तुम्ही उगाच लिहिलीत.

खरा मुकाबला करायचा तर १९९३ ला ‘लाइव्ह इन जपान’ म्हणून तीन सीडींचा संच निघाला तो घ्या. १९७२ च्या ऑगस्टच्या १५, १६ आणि १७ तारखेच्या रात्री, पहिल्या दोन ओसाकाला आणि तिसरी टोकियोच्या बुडोकानला, माणसं तीच, गाणीही जवळपास तीच. (पहिल्या रात्री आपल्याकडे स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून रोषणाई होती, त्याचा ओसाकाशी काही संबंध नाही, पण तारीख लक्षात राहते.) ‘मेड इन जपान’ या मूळ डबल अल्बमातली सात गाणी या तीन रात्रींतून निवडलेली आहेत, आणि त्यात १५ तारखेचं घेतलंय फक्त ‘स्मोक ऑन द वॉटर’. बाकी सहा १६ आणि १७ ची. त्या पहिल्या रात्रीच्या उरलेल्या गाण्यांत असं काय कमी पडलं की एकही घेतलं नाही, ते तिन्ही सीडी समोर ठेवून, ओळीवर बोट ठेवून ऐका आणि मला कळवा. मला ‘लेझी’ या गाण्याचा संशय आहे.