वाचक विचारतात : जेनोआच्या पाखाड्या

प्रश्न : आमचं क्रूझ जहाज इटलीत जेनोआला सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं. तिथल्या जुन्या पाऊलवाटा चालायच्या आहेत. आम्ही दोघंही साठीपुढचे, चढ नको वाटतो. जमेल का? (रत्नागिरी)

उत्तर : जमेल. डोंगरावरून बंदराकडे उतरणाऱ्या, दोन्ही अंगांना उंच भिंती असलेल्या अरुंद वाटांना तिथे 'क्रेउझा' म्हणतात. तुम्हाला पाखाडी म्हटलं की पुरे. फक्त जांभ्याच्या जागी वीट आणि गोटे. मधोमध विटांचा पट्टा, दोन्ही कडांना गोल गोटे. चालायचं ते विटांवरून. वीट खरबरीत असते, पाय धरते; गोटे शेकडो वर्षं घासून गुळगुळीत झालेत. समोरून कुणी आलं म्हणून सवयीने कडेला सरकता आणि नेमके तिथेच घसरता. त्यापेक्षा जागेवर उभं राहून त्यांना जाऊ द्यावं.

चढणीचं काम यंत्रावर सोपवा. क्रूझच्या 'पोन्ते देई मिल्ले' धक्क्यापासून प्रिंचिपे स्टेशन लगतच आहे. तिथून बाल्बी रस्ता, पुढे गारिबाल्दी रस्त्याने पोर्तेल्लो चौक, साधारण दीड किलोमीटर. चौकातून एक बोगदा जुन्या लिफ्टपाशी नेतो. वर कास्तेल्लेत्तोच्या सज्जावर पाटीच्या दगडाची काळी-राखाडी छपरं पायाखाली दिसतात, पलीकडे बंदर आणि १५४३ सालचं लांतेर्ना दीपगृह. इथून 'सालिता' (म्हणजे चढण, पण तुम्ही ती उतरायची) अशी पाटी असलेली वाट धरून पुन्हा गारिबाल्दी रस्त्यावर या. तो ओलांडून कुठलाही बोळ खाली धरा. सोत्तोरिपाच्या कमानींपाशी, म्हणजे बंदरालाच लागाल. तिथला चितारलेला वाडा म्हणजे पालाझ्झो सान जॉर्जो, १२६० चा. पूर्वी समुद्राचं पाणी त्याच्या पायाशी होतं. रमतगमत तीन तास धरा, आणि जहाजावर परतायच्या वेळेच्या तासभर आधी धक्क्यावर असा.

गुडघ्यांचं मात्र एक लक्षात ठेवा. या पायऱ्या खेचरांच्या चालीच्या: उंची कमी, रुंदी फार. आपली पावलं अशी पडतात की दर पायरीला तोच पाय खाली येतो आणि एकच गुडघा भरून येतो. प्रत्येक पायरीवर पावलांची संख्या बदलत राहा, म्हणजे भार वाटला जातो. आधाराची काठी असेल तर टोकाला रबरी बूच हवंच. लोखंडी टोक गोट्यांवरून सटकतं.

प्रश्न : '१२ आर' असा दुकानाचा पत्ता होता. बारा नंबरच्या दाराशी गेलो तर तिथे राहतं घर! फोनवरचा नकाशाही भलतीकडे दाखवत होता. (पुणे)

उत्तर : चूक तुमची नाही. जेनोआत दारांचे क्रमांक दोन रंगांचे असतात: घरांना काळे, दुकानांना लाल. 'आर' म्हणजे रोस्सो, लाल. दोन्ही मोजण्या स्वतंत्र चालतात, त्यामुळे काळा बारा आणि लाल बारा एकमेकांपासून बरेच लांब असू शकतात.

नकाशाचं कारण वेगळं. जुन्या शहरातले बोळ, तिथल्या भाषेत 'कारुज्जी', दोन हात पसरले की भिंतींना लागतील इतके अरुंद असतात आणि वर सहा-सात मजले. आभाळाची नुसती चिंधी दिसते, उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात, आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. शिवाय नकाशा सपाट, शहर नाही. व्हेंती सेत्तेंब्रे रस्ता आणि कोर्सो पोदेस्ता नकाशात एकमेकांना छेदतात. प्रत्यक्षात दुसरा 'पोन्ते मोनुमेंताले' पुलावरून बराच उंचावरून जातो. ठिपका चौकात, तुम्ही पुलाखाली!

अशा वेळी फोन खिशात ठेवून उतार पाहा. जुन्या शहरात उतार बहुतेक वेळा बंदराकडेच नेतो. बोळांच्या कोपऱ्यांवर भिंतीत मारियामातेच्या कोनाड्या आहेत. आपल्याकडे 'मारुतीपाशी वळा' म्हणतात तसा त्यांचा खुणेला उपयोग होतो. पाट्यांवर 'सालिता' म्हणजे चढण, 'विको' म्हणजे बोळ.

प्रश्न : नोव्हेंबरचं तिकीट स्वस्त मिळतंय. घ्यावं का? (ठाणे)

उत्तर : तारखा पुढेमागे करता येत असतील तर एप्रिल-मे बरा. शरद ऋतूत समुद्र अजून कोमट असतो, दमट हवा किनाऱ्यालगतच्या डोंगरावर आदळते आणि कधीकधी तासन्‌तास एकाच जागी कोसळते. ओढे आखूड नि तीव्र उताराचे; बिसान्यो नदी तर शेवटच्या टप्प्यात रस्त्यांखाली झाकलेली. ४ नोव्हेंबर २०११ च्या पुरात सहा माणसं गेली. इशारे पिवळा, केशरी, लाल अशा चढत्या क्रमाने येतात. केशरी इशाऱ्यापासून क्रेउझा विसरा, कारण पाऊस तीच वाट धरून खाली येतो. भुयारी रस्ते आणि ब्रिन्योले स्टेशनकडचा सखल भागही टाळा. पाऊस थांबला तरी सावलीतल्या विटांवर शेवाळ राहतं, आणि पाटीच्या दगडाच्या झिजलेल्या पायऱ्या ओल्या असताना साबणासारख्या होतात.

प्रश्न : शाकाहारी माणसाने बंदरावर काय खावं? (सांगली)

उत्तर : फारिनाता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ एवढंच, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. बेसनाच्या पोळ्याचं लांबचं भावंड. सोत्तोरिपाच्या कमानींखाली मिळतं. गरमच घ्या, गार झालं की चामट होतं. काही ठिकाणी त्यात बारीक मासळी घालतात, तेव्हा आधी विचारा.